नऊ स्टँडर्डची बाई

माझं शिक्षण नववी. त्यातही इंग्रजी आणि गणित राहिले, तेव्हा धरायची तर आठवीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या एका ओळीवरून झाला. मी बार्शीची. अकरा वर्षं झाली, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला आहे. इथल्या एका हायस्कूलमध्ये पीटीच्या विभागात मदतनीस म्हणून काम करते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना गाडी चालवायला शिकवते. शाळा सुटलेल्या बाईला शाळेनेच कामावर ठेवावं, याचं मला अजून रोज सकाळी फाटकातून आत जाताना नवल वाटतं. भीतीही वाटते की कुणीतरी हटकेल.

खेळ आणि गाडी एकाच विभागात कशी काय, हे मी पहिल्याच आठवड्यात क्रेगला विचारलं होतं. क्रेग म्हणजे आमच्या विभागाचा प्रमुख. बारा महिने हाफपँट, थंडीत फक्त टोपी वाढते. तो म्हणाला, "दोन्हींत शेवटी जिवंत घरी जायचं असतं." हा विनोद होता की उत्तर, मला कळलं नाही. मी हसून ठेवलं. या देशात मी पुष्कळदा हसून ठेवते.

मी आधी त्याच शाळेत साफसफाईला होते. नवरा हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आला, त्याच्या मागून मी आले, आणि कुणीतरी सांगितलं की शाळेत झाडायला बाई हवी आहे. एका दुपारी क्रेग कयाकांचा, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्यांचा, ट्रेलर व्हॅनला लावून मागे घेत होता. ट्रेलर मागे घेणं म्हणजे सगळं उलटं: स्टिअरिंग डावीकडे वळवावं तर ट्रेलर उजवीकडे जातो. त्याचं तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी मॉप भिंतीला टेकवला आणि म्हटलं, मी करू? माहेरी आमचा दूध गोळा करायचा टेम्पो होता. भावाचा पाय मोडला ते वर्ष तो मीच चालवला, आणि पुढे ऊस कारखान्याला जायचा तेव्हा ट्रॅक्टरची ट्रॉलीही. कयाक एका दमात शेडमध्ये गेले. क्रेग बघत राहिला. "स्वीट ॲज," म्हणाला. म्हणजे छान. पंधरा दिवसांनी ऑफिसातल्या बाईंनी मला एक फॉर्म दिला.

फॉर्मवर एक रकाना होता: शिक्षण. मी जन्मात खोटं लिहिलं नाही, तिथेही लिहिलं नाही. आमच्याकडे इयत्तेला इंग्रजीत जे म्हणतात तेच लिहिलं, नाइन स्टँडर्ड. नाइन की नाइन्थ हा फरक मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नव्हता. पास की नापास हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तेवढं सोडलं. बाईंनी वाचलं, कौतुकाने मान हलवली आणि म्हणाल्या, "नाइन. गुड ऑन यू, मँगल." माझं नाव मंगल. इंग्रजीत मँगल म्हणजे चेंदामेंदा करणे, हे मला मुलांनी नंतर सांगितलं. गाडी शिकवणाऱ्या बाईचं नाव असं, म्हणून मुलांना फार आवडतं.

पहिल्या दिवशी क्रेगने बिब्स आणायला पाठवलं. बिब म्हणजे लाळेरं एवढंच मला ठाऊक. एवढ्या दांडग्या पोरांना लाळेरी कशाला, असं मनात म्हणत मी शेडमधलं खोकं न् खोकं उचकलं. शेवटी एका मुलीने खुंटीवरची रंगीत बंड्यांची चळत दाखवली. दोन संघ वेगळे ओळखू यावेत म्हणून अंगात घालतात त्या. हळूहळू शिकले. पोहण्याचे कपडे म्हणजे टॉग्ज, स्लिपर म्हणजे जँडल्स, आणि ज्याने टॉग्ज आणले नाहीत त्याच्या पोटात त्या दिवशी हमखास दुखतं.

गाडीचं काम मात्र मला समजत होतं. इथे लायसन्स तीन पायऱ्यांनी मिळतं. पहिली पायरी शिकाऊ: गाडीला पिवळी पाटी, तिच्यावर काळा एल. आणि शेजारच्या सीटवर दोन वर्षं तरी पूर्ण लायसन्स असलेलं माणूस बसलंच पाहिजे. अडचण तिथेच येते. ज्या घरात गाडी नाही, किंवा आई दोन पाळ्या करते, त्या घरच्या मुलाच्या शेजारी बसणार कोण? शाळेकडे एक गाडी होती, शेजारच्या सीटपुढे पायाशी जादा ब्रेक बसवलेली. शेजारी बसणारी मी. काम एवढंच, की पाय ब्रेकवर असल्याचं मुलाला जाणवू द्यायचं नाही आणि आपण घाबरलोय हे चेहऱ्यावर आणायचं नाही. पहिलं जमतं. दुसऱ्यासाठी मी खिडकीकडे तोंड करते.

त्या वर्षी माझ्याकडे अठरा मुलं होती, त्यांत एक टोंगन मुलगी, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांकडची. नाव मेले. तिच्या भाषेत ते मेरीसारखं साधं नाव आहे. पण बार्शीच्या बाईने चालत्या गाडीत बसून "मेले, मेले" म्हणायचं म्हणजे काय, विचार करा. पहिल्या दिवशी तिने चौकात जोरात वळण घेतलं तेव्हा मी तिला हाक मारली की देवाला, माझं मलाच सांगता आलं नसतं.

ती सतरा वर्षांची, उंच, खांदे नांगर धरणाऱ्या गड्यासारखे, आणि हात स्टिअरिंगवर असे हलके की बघत राहावं. मी कुणालाच इतक्या लवकर तयार झालेलं पाहिलेलं नाही. फक्त एकदा गोंधळ झाला. ती मागे घेत होती, कुंपण जवळ आलं, आणि माझ्या तोंडून घरच्यासारखं निघालं, "बस, बस, बस." तिने ब्रेक न लावता मान वर करून रस्ताभर बघितलं. "कुठेय बस, मिस?" मी ब्रेक दाबला. कुंपण चार बोटांवर होतं. मी समजावून सांगितल्यावर ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली.

मेलेचं सगळं त्या वर्षावर होतं. रस्त्याच्या कामावर वाहनं वळवणाऱ्या एका कंपनीत तिला जागा तोंडी ठरली होती. अट अशी, की शाळेची लेव्हल टू पूर्ण हवी. इथे वर्षभर थोडे थोडे क्रेडिट जमवून लेव्हल पूर्ण होते. तिला जेवढे कमी पडत होते तेवढे नेमके आमच्या गाडीच्या विषयात होते: गाडीची तपासणी, रस्त्याचे नियम, आणि एक लेखी पेपर. तिची आई म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करायची. मला भेटली की माझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हणायची. त्यातला एक शब्द मला कळायचा नाही, आणि तिला मी काय म्हणते ते कळायचं नाही, पण आम्ही बराच वेळ बोलायचो.

पेपरच्या आधी क्रेग माझ्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आला. "मँगल, तुझे नऊ स्टँडर्ड आहेत ना? मग तपासणारी म्हणून तूच सह्या कर. माझा भार हलका होईल."

मी मान हलवली. ही आपली मान, हो आणि नाही यांच्या मधली. त्याने हो धरलं. मला खरंच वाटलं की या देशात नववीवाल्यालाही परीक्षक करत असतील. केवढा मोठ्या मनाचा देश, असंही वाटलं. त्या दिवशी घरी मी शिरा केला.

पेपर जिमच्या बाजूच्या खोलीत होता. सगळे लिहीत होते. मेले पेन्सिल फिरवत बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मिस, हात दुखतोय." थोड्या वेळाने म्हणाली, चष्मा घरी राहिला. मी तिला कधी चष्म्यात पाहिलं नव्हतं. ही कारणं मला पाठ आहेत. बँकेत, दवाखान्यात मीही चष्मा विसरलेली असते. मला एकदम समजलं की या पोरीला वाचता येत नाही. येत असेल तर अगदी अडखळत. अकरावीपर्यंत ती तशीच, हसत हसत, मागच्या बाकावरून पुढे आली होती.

बाकीची मुलं गेल्यावर मी दार लोटलं. प्रश्न हळू वाचले, ती भराभर सांगत गेली, आणि मी लिहीत गेले. माझं इंग्रजी अक्षर शाळकरी आहे, गोल गोल, चालून जाईल असं वाटलं. सगळी उत्तरं तिची. एक सोडून. प्रश्न होता, पावसात पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं. हे अंतर इथे सेकंदांत मोजतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की आपण तिथे पोचेपर्यंत मोजायचं, वन थाउजंड अँड वन, वन थाउजंड अँड टू. कोरड्या रस्त्यावर दोन, ओल्यावर चार. मेले म्हणाली, "दोन." मी चार लिहिलं. मी ठरवून लिहिलं नाही, पण खोडलंही नाही. मग तळाशी तपासणारी म्हणून सही केली.

त्याच दिवसांत शनिवारी मी लिमयेकाकांच्या शेजारी बसायची. पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे, आमच्याच शहरातल्या रिकार्टन भागात, आलेले. तिकडे एका शाळेत चाळीस वर्षं हेडक्लार्क होते. त्यांचं पुण्याचं लायसन्स इथे काही महिने चालत होतं, पण मुलगा किल्ली देईना. मंगलताईंनी पास केलं तर देईन, म्हणाला. स्टॉपच्या पाटीला काका थांबायचे नाहीत.

"काका, पूर्ण थांबायचं. चाक हलता कामा नये."

"कुणासाठी? चारी बाजूंना चिटपाखरू नाही."

"पाटीसाठी."

"पाटीला मान द्यायचा. अच्छा. आमच्याकडे माणसाला देत नाहीत."

एका शनिवारी गाडी लायब्ररीपाशी लावून आम्ही चहा पीत होतो. गठ्ठा माझ्या पिशवीत होता. मी जरा मिरवूनच सांगितलं, "काका, इथे नववी झालेल्यालासुद्धा परीक्षक करतात."

"कोण म्हणतं?"

मी कागद दिला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, खालच्या बारीक अक्षरांसकट वाचला. मला ते वाचणं बघून हेवा वाटला.

"मंगलबाई, यात स्टँडर्ड म्हणजे इयत्ता नव्हे. एकेका धड्याला हे लोक स्टँडर्ड म्हणतात. धडा पार केला की एक स्टँडर्ड झालं. तपासणाऱ्याचे स्वतःचे असे झालेले लागतात. त्यांची समजूत अशी की तुमचे असे नऊ झालेत."

"मग माझे किती झालेत?"

"तुमचं एकही नाही." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "सही कुठे केलीत का?"

"अठरा ठिकाणी."

"झालं." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आम्ही दाखल्यावर इयत्ता अक्षरी लिहायचो. पोरं हसायची, काय हा जुनाट क्लार्क म्हणून."

त्या रविवारी मी जेवले की नाही आठवत नाही. माझी नोकरी जाईल, हे होतंच. पण माझी सही खोटी ठरली तर अठरा मुलांचं केलेलं काम पाण्यात जाणार. आणि मेलेची जागा. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? सांगितलं तर कुणाचं भलं होणार होतं? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून तिथेच आले.

सोमवारी क्रेग शेडमध्ये बॉलमध्ये हवा भरत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इयत्ता, नववी, इंग्रजी, गणित. त्याने पंप थांबवला.

"म्हणजे तुझ्याकडे एकही नाही?"

"नाही. मला काढणार?"

"येह, ना," तो म्हणाला. इथे हे दोन शब्द जोडून म्हणतात आणि अर्थ होतो नाही. अकरा वर्षं झाली तरी मला आधी हो ऐकू येतं. तो खोक्यावर बसला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. मी तुला विचारायला हवं होतं. मला माझा भार हलका करायचा होता." मग म्हणाला, "हे बघ, काही बिघडलेलं नाही. पेपर मुलांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेत. मी ते पुन्हा तपासतो, माझी सही करतो. संपलं."

इथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. माझी नोकरी राहत होती, सतरा मुलांचं काम वाचत होतं. अठराव्या पेपरवरचं अक्षर त्याने ओळखलं असतं की नाही, देव जाणे. मी दारापर्यंत गेले. परत आले. का आले ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रामाणिकपणा म्हणावा तर तो पेपरच्या दिवशी कुठे गेला होता? मला वाटतं, एकदा सांगायला लागल्यावर मला थांबता आलं नाही, इतकंच.

"सगळ्यांनी नाही," मी म्हटलं. "मेलेचा मी लिहिलाय."

क्रेगचा चेहरा पहिल्यांदा बदलला. नऊ स्टँडर्डला बदलला नव्हता.

"का?"

मी सांगितलं. त्याने हातातला पंप बाजूला ठेवला. "मँगल, ज्यांना वाचायला-लिहायला जड जातं त्यांना आम्ही माणूस देतो. वाचून दाखवायला, लिहून घ्यायला. रीतसर मिळतो. आधी सांगावं लागतं, बस्स. तू मला नुसतं सांगितलं असतंस तरी झालं असतं."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात असं काही असू शकतं हेही आलं नाही. वाचता येत नसेल तर लपवायचं, दुसरा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता. मी तिला मदत केली असं मला वाटत होतं, आणि खरं तर मी तिला लपायला शिकवत होते.

पेपर रद्द झाला. मेलेला पुन्हा द्यावा लागणार होता, क्रेगपुढे, लिहून घ्यायला दुसरी एक बाई. मी खोलीत नको. क्रेगने तिला बोलावून सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा मी कोन, म्हणजे मैदानात मांडायचे प्लास्टिकचे शंकू, गोळा करत होते.

"तू त्याला सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"आता सगळ्यांना कळणार. मला येत नाही ते."

मी सॉरी म्हटलं. तिने हातातली बिब खुंटीवर अडकवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वरच्या वर्गांची शाळा त्या आठवड्यात संपत होती. माझ्या गाडीत तिच्या तासाच्या वेळी मी एकटीच बसून राहायची. बाजूची सीट रिकामी. पाय मात्र ब्रेकवर.

शेवटच्या दिवशी दुपारी ती आली, आईला घेऊन. आई आश्रमाच्या गणवेशातच होती. मेले आत गेली. आई आणि मी जिमच्या बाहेर पायरीवर बसलो. खिडकी उघडी होती. आतून मेलेचा आवाज आला आणि मी दचकले, इतका मोठा होता. बास्केटबॉल खेळणारी पोरं थांबून बघायला लागली. ती मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती. कळायचंय ना, मग कळू दे, असं. टायर, आरसे, रस्ता द्यायचा कुणाला, सगळं बरोबर. मग पावसातल्या अंतराचा प्रश्न आला.

आत शांत झालं. मी मनात मोजायला लागले. वन थाउजंड अँड वन. वन थाउजंड अँड टू.

"दोन," मेले म्हणाली.

माझे डोळे मिटले. आईने, काही न कळताच, माझा हात धरला. मी मोजत राहिले, थांबता येईना.

"नाही, थांबा. पाऊस म्हणालात ना? चार."

ती पास झाली. रस्त्यावरची नोकरी तिला मिळाली. माझ्या सह्या बंद झाल्या. गाडी, कोन, बिब्स तेवढे राहिले, आणि ते राहिले याचे उपकार मी विसरणार नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. "मिस, त्या दिवशीही मी दोनच म्हणाले होते."

"हो."

"तू चार लिहिलंस. मला आकडे वाचता येतात."

ती रागावली होती, की चूक कबूल करून घेत होती, की आभार मानत होती, काहीच कळेना. तिने आईकडून किल्ली घेतली. कुणाची तरी जुनी गाडी होती, पिवळी एलची पाटी लावलेली. आई शेजारी बसली. तिच्या पूर्ण लायसन्सला महिन्याभरापूर्वीच दोन वर्षं पुरी झाली होती, हे मला तेव्हाच समजलं.

कडेला लावलेली गाडी काढताना दोन्ही आरसे बघूनही उजव्या बाजूचा मागचा एक कोपरा दिसतच नाही. म्हणून निघण्याआधी मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे बघायचं असतं. मुलं हे विसरतात, आणि मी सगळ्यात जास्त ओरडते ते यावरून. मी एव्हाना रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते, नेमकी त्या कोपऱ्यात उभी. मेलेने सिग्नल दिला, आरसा बघितला, आणि मान पूर्ण वळवून मागे बघितलं. थेट माझ्याकडे. हवं त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मी हात वर केला. ती निघून गेली. तिने मला पाहिलं की फक्त रस्ता मोकळा आहे ना तेवढं पाहिलं, हे मला सांगता येणार नाही.